एका शिवीची बेचाळीस वर्षे

गोष्टीच्या वहीत एखाद्या मुलाने आजीच्या तोंडी ‘मेल्या’ घातले की गुरुजींची लाल शाई त्यावर हटकून उमटते. साध्या शिवीला लेखनात जागा द्यावी की नाही, हा प्रश्न मात्र आपल्या शाळांपुरता नाही. एका नाटकामुळे तो एकदा साऱ्या लंडनपुढे उभा राहिला होता; आणि मौज अशी की, त्या नाटकाचा विषयही शिक्षण हाच होता.

११ एप्रिल १९१४ रोजी हिज मॅजेस्टीज थिएटरात बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ रंगभूमीवर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर हिगिन्स उच्चभ्रूंचे इंग्रजी शिकवतात. तिसऱ्या अंकात ती एका प्रतिष्ठित घरी चहाला जाते आणि निघताना, त्याच निर्दोष उच्चारांत, ‘ब्लडी’ हा शब्द सहज बोलून जाते! चारचौघांत हा शब्द तोंडातून काढणे तेव्हा असभ्यपणाची परमावधी. नाटके तपासणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीने तो जाऊ दिला, वर्तमानपत्रांनी गहजब केला, आणि प्रेक्षक पोट धरून हसले.

पण शॉ यांनी याची पेरणी आधीच केली होती. दुसऱ्या अंकात घर सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्स हिगिन्सना एक शब्द टाळायला बजावतात. शब्द न उच्चारता, नुसत्या आद्याक्षरावर भागवून. मुलीने तो आईजवळच उचललेला, त्याला तिचा इलाज नाही. पण शिकवणाऱ्याच्या तोंडून तो तिच्या कानी पडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांचे भांडण इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी मांडले असेल.

पुढे १९३८ च्या चित्रपटातही तो शब्द राहिला. १९५६ साली मात्र याच नाटकावरून ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका झाली, तेव्हा तो पुरेसा झोंबेना. घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग योजून एलायझाच्या तोंडी अधिक गावरान शब्द घालावा लागला. बेचाळीस वर्षांत शिवी झिजून गुळगुळीत झाली होती! १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त हीच कथा मराठीत आणली, तेव्हा त्यांनी इंग्रजी शिव्यांचे भाषांतर करीत न बसता फुलवालीला आपल्याकडचीच रांगडी बोली दिली.

तेव्हा वहीतला ‘मेल्या’ खोडण्यापूर्वी गुरुजींनी एवढेच विचारावे: हे कोण म्हणते, कोणाला, आणि कधी? पोराने दहा वेळा लिहिला असेल, तर नऊ खुशाल खोडावेत. पण तिन्हीसांजेला उशिरा परतलेल्या नातवाला पाहून आजीच्या तोंडून निघालेला तो एक मात्र राहू द्यावा.