तपकिरीपासून फवाऱ्यापर्यंत

तपकिरी हा रंग आजच्या मुलांना ठाऊक आहे, तपकीर मात्र ठाऊक नाही. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची बारीक पूड. रंगाला नाव तिच्यावरूनच मिळाले. माझ्या लहानपणी जव्हारच्या बाजारात येणाऱ्या अनेक वृद्धांच्या कनवटीला तपकिरीची डबी असे. डोके दुखले, सर्दी झाली की चिमूटभर ओढायची, हा घरोघरचा उपाय. म्हणजे तपकीर आली औषध म्हणून आणि राहिली व्यसन म्हणून.

हे युरोपातही असेच घडले. 1560 च्या सुमारास पोर्तुगालमधला फ्रेंच वकील झाँ निको याने तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठवली. राणी कॅथरीनच्या डोकेदुखीवर तिची पूड दिली गेली, असे सांगतात. निकोटिन हे नाव त्याच निकोवरून पडले.

आपल्याकडे तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला गेला होता. त्याने 1604-05 च्या सुमारास ती तिथून मोगल दरबारात नेली. बादशहाने कुतूहलाने नळी तोंडाला लावली, तेव्हा हकिमाने हरकत घेतली: आपल्या वैद्यांनी हे तपासलेले नाही, मग ते घ्यायचे कशाला? असद बेगने वाद घातला आणि सरदारांनी तंबाखू उचलून धरली. पुढे 1617 साली जहांगीरने बंदीचा हुकूम काढला, पण तोवर उशीर झाला होता. हकिमाचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. 1761 साली लंडनच्या जॉन हिल या वैद्याने तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या गाठींबद्दल लिहून ठेवले. तपासणी सुरू झाली ती अशी, दीडशे वर्षांनी.

आता उलट गोष्ट. 1828 साली जर्मनीत तंबाखूतून निकोटिन वेगळे काढले गेले. विसाव्या शतकात स्वीडनच्या ओव्हे फर्नो यांनी निकोटिनचे च्युइंगम तयार केले. पाणबुडीत विडीकाडी चालत नसल्याने खलाशी तंबाखू चघळतात, यावरून त्यांना ही दिशा मिळाली होती. मग 1996 साली अमेरिकेत निकोटिनच्या नाकातल्या फवाऱ्याला मान्यता मिळाली. वाट जुनीच, तपकिरीची.

मोखाड्याच्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, वडिलांची विडी सुटत नाही. परदेशात नाकात मारायचा फवारा मिळतो म्हणतात. धोक्याचा तर नाही ना?"

मी डॉक्टर नाही, पण या औषधाबद्दल वाचलेले सांगतो. एकेका नाकपुडीत एक फवारा, मिळून एक मिलिग्रॅम निकोटिन. तासाला अशा पाचपेक्षा आणि दिवसाला चाळीसपेक्षा जास्त मात्रा घ्यायच्या नाहीत. तपकिरीसारखे आत ओढायचे नाही. पहिल्या दोन दिवसांत जवळजवळ सगळ्यांचे नाक चुरचुरते. शिंका, डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, खोकला होतो. पुढे त्रास कमी होतो, पण बऱ्याच जणांचा पूर्ण जात नाही. मुदत साधारण तीन महिने, फार तर सहा. तरी काहींना फवाऱ्याचीच सवय लागते. दमा किंवा नाकाचा जुना विकार असलेल्यांनी तो टाळावा. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

यादी वाचून माणूस घाबरतो. पण कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातल्या डांबरासारख्या चिकट द्रव्यांमुळे. फवाऱ्यात धूर नाही. विडीच्या बंडलावर आता भीतीदायक चित्र असते; मात्र दिवसाला किती ओढायच्या आणि कधी थांबायचे, हे त्यावर लिहिलेले नसते. औषधावर लिहिलेले असते. तपासलेल्या आणि न तपासलेल्या वस्तूत मला हाच फरक दिसतो. म्हणूनच विडी सोडायला तपकीर ओढावी हा सल्ला मी कोणाला देणार नाही. तिला ना माप, ना मुदत.

आमच्या भागात म्हातारी माणसे आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून विडी करत. विडी सारखी विझते, म्हणून जोराने ओढावी लागते आणि छातीत धूर जास्त जातो. चाळीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाला दम लागत असेल, तर फवारा त्याच्यासाठी नव्हेच. शिवाय 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के निघाले. आपला मोठा प्रश्न धुराचा नाही, चुन्याच्या डबीचा आणि मशेरीचा आहे.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: आधी वडिलांना डॉक्टरांकडे ने, छाती तपासून घे. खोकला विडीचाच आहे असे धरून चालू नकोस, क्षयही असू शकतो. फवाऱ्याच्या मागे न लागता च्युइंगमबद्दल विचार; दात नसतील तर कातडीवर लावायच्या पट्टीबद्दल. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो. आणि वडिलांवर रागावू नकोस. राजेरजवाड्यांनाही जी सुटली नाही, ती त्यांची एका दिवसात कशी सुटेल?