आनंदवल्ली ते गंगापूर रोड : मोठ्या घरांवरील रोषाचा इतिहास

आनंदवल्ली हा आज नाशिक शहराचाच एक भाग आहे. राघोबादादांनी या गावाला हे नाव दिले ते पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून. १७६० च्या दशकात पुतण्या माधवरावाशी बिनसल्यानंतर राघोबादादांचा मुक्काम येथे असे आणि गोदावरीच्या काठी त्यांनी येथे वाडाही बांधला होता. पुढे १७६८ मध्ये याच जिल्ह्यातील धोडपच्या किल्ल्यापाशी त्यांचा पराभव झाला व रवानगी शनिवारवाड्यातील नजरकैदेत झाली. गावाबाहेर, नदीच्या हवेशीर काठी, सत्तेपासून दूर पण सत्तेची आठवण जागी ठेवणारे असे ते घर होते. आज त्याच परिसरातून गंगापूर रोड जातो आणि नाशिकचे बडे बंगले दाखवायचे झाले तर लोक याच रस्त्याकडे बोट दाखवतात. या बंगल्यांविषयी बोलताना शहर सहसा दोनच सूर लावते. 'पैशाचा माज' हा एक आणि 'स्वतःच्या कष्टाचे आहे, तुमचे काय गेले' हा दुसरा. हे दोन्ही सूर बंगल्यांहून पुष्कळ जुने आहेत. ते मुळात कोठून आले हे पाहिले, तर त्यांतले कोणते म्हणणे ऐकण्याजोगे आहे याचाही काही उलगडा होईल.

मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध मोठे घर म्हणजे शनिवारवाडा. १७३० च्या जानेवारीत त्याचे काम सुरू झाले व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्याच्याविषयी एक कथा सांगतात. दगडी तळमजला उभा राहिल्यावर साताऱ्यात कुरकुर सुरू झाली की, असे दगडी घर बांधविण्याचा अधिकार छत्रपतींचा, पेशव्याचा नव्हे. तेव्हा वरचे मजले विटांचे केले गेले. ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु लोकांनी ती इतकी वर्षे जपली यावरून त्या काळच्या टीकेची जात कळते. वाडा सुंदर आहे की ओंगळ, हा प्रश्न तेथे नाहीच. बांधणाऱ्याची पायरी कोणती आणि घराची कोणती, एवढेच विचारले गेले आहे.

पायरी सांभाळून बांधणाऱ्याला समाज माफ करी, त्यातही तो समाजासाठी काही बांधून देत असेल तर. नाशिकला याची उदाहरणे पावलोपावली आहेत. नारोशंकर राजेबहादूर यांनी मालेगावचा भुईकोट बांधला, पण नाशिककर त्यांना ओळखतात ते गोदाकाठच्या १७४७ च्या मंदिरामुळे आणि वसईच्या विजयाची आठवण असलेल्या तेथील घंटेमुळे. चांदवडच्या रंगमहालातील लाकडी कोरीवकाम आणि भित्तिचित्रे पाहून कोणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण अहिल्याबाई होळकर म्हटले की घाट, विहिरी आणि धर्मशाळा आधी आठवतात. आनंदवल्लीतही राघोबादादांच्या वाड्याचे वैभव उरलेले नाही. पेशव्यांच्याच काळातला मानला जाणारा नवश्या गणपती मात्र आजही नवस बोलणाऱ्यांनी गजबजलेला असतो. वैभवाचे समर्थन दानाने करावे, अशी ही रीत होती.

या रीतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ती सर्वांसाठी नव्हती, हेही नाशिकनेच दाखवून दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी उभारलेल्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतरही वर्षानुवर्षे ती दारे उघडली नाहीत. ज्याला आपण लोकांसाठी केलेले दान म्हणतो, त्या 'लोकां'त कोण येत होते? बाबासाहेबांनी आपल्या एका इंग्रजी लेखात गावगाड्याच्या नियमांची एक यादी दिली आहे. अस्पृश्याने जमीन-गुरे राखणे, स्वच्छ वस्त्रे घालणे, पायांत जोडे घालणे हे जसे गुन्हे होते, तसाच कौलारू घर बांधणे हाही गुन्हा होता. शनिवारवाड्याच्या कथेतील आक्षेप आणि कौलारू छपराचा हा निषेध एकाच कुळातले आहेत. पेशव्याला निदान वरचे मजले विटांचे करून सुटता आले. गावकुसाबाहेरच्या माणसाला तेवढीही वाट नव्हती. म्हणूनच 'आपल्या ऐपतीप्रमाणे राहावे' हा उपदेश ऐकताना थोडे सावध असावे. 'ऐपत' या शब्दाच्या जागी पूर्वी 'जात' हा शब्द होता.

एकोणिसाव्या शतकात टीकेने नवा वेष घेतला. पायरीची भाषा मागे पडून काटकसरीची भाषा आली. १८७५ मध्ये शेजारच्या पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. शेतकरी कर्जात का बुडाला, याचे एक सोपे उत्तर सरकारी वर्तुळात तयार होते : लग्नकार्यांत तो उधळपट्टी करतो. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या आरोपाचा समाचार घेतला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते असेच मत नोंदवले. उधळपट्टीचा आरोप कोणाच्या सोयीचा असतो, हे येथे स्पष्ट होते. शेतकऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवले की सारा, सावकारी आणि न्यायालयांचे हुकूमनामे यांच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही.

हाच आरोप आज निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील बंगल्यांवर होतो. द्राक्षाच्या पिकाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फवारण्या आणि रात्रीबेरात्रीचे पाणी असा सततचा राबता लागतो. त्यामुळे अनेक कुटुंबांनी गावठाण सोडून मळ्यातच वस्ती केली आणि चार चांगले हंगाम साधल्यावर तेथे बंगला उभा राहिला. खांब, गच्ची, काचा, रंगीत दिवे. शहरातून जाणारा माणूस ते पाहतो आणि म्हणतो, 'कर्जमाफी मागतात आणि बंगले बांधतात.' पण पगारदाराची बचत भविष्यनिर्वाह निधीत, शेअरांत आणि सदनिकेच्या किमतीत असते. ती रस्त्यावरून दिसत नाही. शेतकऱ्याची बचत भिंतीत असते, आणि ती मुद्दामच दिसण्याजोगी असते. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे, उधारीवर औषधे देणारा दुकानदार, माल उचलणारा व्यापारी, हे सारे घराकडे पाहून माणसाची पत ठरवतात. मार्चमधल्या एका गारपिटीने बाग झोपल्यावर घर तेवढे उभे असते. त्याला माज म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा. केरळातील आखाती पैशांच्या घरांविषयीही नेमके असेच बोलले जाते आणि तेथेही त्या घरामागची परदेशातील वर्षे टीकाकाराला दिसत नाहीत.

मग मोठ्या घरांवर टीकाच करू नये काय? करावी, पण ती कशासाठी हे ठरवून करावी. रसिकतेची टीका लवकर शिळी होते. जुन्या नाशकातील वाड्यांचे आज गोडवे गायले जातात. त्यांतले पुष्कळ वाडे गोठलेली भाडी आणि भाऊबंदकीचे वाद यांनी मोडकळीस आले असून दर पावसाळ्यात त्यांना धोकादायक असल्याच्या नोटिसा लागतात. एकेकाळी हेच वाडे नव्या पैशाचे आणि नव्या अधिकाराचे प्रदर्शन होते. आजच्या बंगल्यांचे खांब आपल्याला ओंगळ वाटतात. दीडशे वर्षांनी कोणी त्यांनाही वारसा म्हणेल.

शिळी न होणारी टीका जमिनीची आणि पाण्याची आहे. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर, शेती आणि खालच्या अंगाला जायकवाडीवर अवलंबून असलेला मराठवाडा यांचा हक्क आहे. दुष्काळी वर्षांत वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहिलेले आहेत. अशा खोऱ्यातील खाजगी हिरवळी आणि पोहण्याचे तलाव यांचा हिशेब मागणे हा मत्सर नव्हे. २००८ च्या महापुराने गोदावरीची पूररेषा साऱ्या शहराला दाखवून दिली. त्या रेषेच्या आत कोणी बांधले व कोणी बांधू दिले, हा प्रश्नही मत्सराचा नाही. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून असलेली सूट खऱ्या शेतकऱ्याला मिळते की शेतकरी म्हणवणाऱ्या धनिकाला, हेही विचारायलाच हवे.

हे प्रश्न घराच्या मालकाची जात, त्याचे गाव किंवा त्याच्या खांबांचा रंग यांवर अवलंबून नाहीत. पिढीजात वाड्याच्या वारसाला, गंगापूर रोडवरील उद्योजकाला आणि निफाडच्या बागाईतदाराला ते एकाच शब्दांत विचारता येतात. ज्या टीकेला मालक बदलताच आपले शब्दही बदलावे लागतात, ती साताऱ्याची जुनी कुरकुरच होय.