हाताला मिळालेली पदवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्या समाजाने विद्या आणि हातकाम यांची फार पूर्वीच वाटणी करून टाकली. विद्या एका घरात, हातकाम दुसऱ्या घरात. त्यातही आजाऱ्याची शुश्रूषा म्हणजे अंग पुसणे, जखम धुणे, भांडे देणे. ही कामे घरात आईने किंवा सुनेने करायची आणि घराबाहेर ज्यांना हलके मानले त्यांनी. परक्या माणसाच्या शरीराला स्पर्श करून पोट भरणे ही प्रतिष्ठेची गोष्ट मानली जात नव्हती. अशा कामाला मुंबईतल्या एका विद्यापीठाने १९६४ मध्ये पदवी दिली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय त्या वर्षी सुरू झाले. परिचर्येची पदवी देणारे महाराष्ट्रातले हे पहिले महाविद्यालय.

शुश्रूषेला मान नसला तरी ती करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे होत्याच. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उभे राहिले आणि तिथे परिचारिकांच्या शिक्षणाला सुरुवात झाली. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने, १९०९ नंतरच्या काही वर्षांत, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्याची वाट खुली केली. ज्या घरांत विधवेला कोपऱ्यातली जागा होती, त्या घरांतली एखादी बाई पगार मिळवून पोराबाळांना शिकवू लागली, ती या वाटेने.

मात्र त्या काळच्या रुग्णालयांतल्या शिक्षणाची एक अडचण होती. विद्यार्थिनी म्हणून आलेली मुलगी रुग्णालयाच्या दृष्टीने कमी पैशात मिळालेले मनुष्यबळ असे. वॉर्डात माणूस कमी पडले की तिचा तास बुडे. रात्रपाळी करून ती सकाळी वर्गात डुलक्या घेत बसे. तिचे हात राबत होते, पण तेच हात शिकत होते का, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता.

भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. म्हणजे डॉक्टर कमी आणि परिचारिका त्याहूनही कितीतरी कमी! त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात हे पाऊल महिला विद्यापीठाने उचलले, यात एक संगती आहे.

हे विद्यापीठ धोंडो केशव कर्वे यांचे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत, अध्यक्षपदावरून, आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे असा विचार मांडला आणि १९१६ मध्ये ते सुरू केले. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून होते आणि गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र हे विषय महत्त्वाचे मानले गेले. यावर टीका झाली. विद्यापीठ काढून पुन्हा मुलींना स्वयंपाकघरातच पाठवायचे का, असे सुधारकांनीच विचारले, आणि त्या प्रश्नात तथ्य होते. चांगली पत्नी आणि चांगली माता घडवणे हा कर्व्यांचा हेतू उघड होता. पण घरकाम हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, त्यालाही कारणमीमांसा असते, हे एकदा मान्य झाले की पुढची पायरी फार दूर राहत नाही. १९५१ मध्ये वैधानिक दर्जा मिळाल्यावर तेरा वर्षांनी विद्यापीठाने ती पायरी चढली. घरातली शुश्रूषा व्यवसाय झाली आणि व्यवसायाला पदवी मिळाली. कर्वे त्याआधी दोनच वर्षे, १९६२ मध्ये, वारले होते.

या पदवीत नेमके काय शिकवतात? सुरुवात हात धुण्यापासून होते. मग रुग्ण पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची, नाडी कशी मोजायची. शिक्षिका एकदा करून दाखवते, मग विद्यार्थिनीने तिच्यादेखत तेच करून दाखवायचे. आधी पुतळ्यावर, नंतर रुग्णाजवळ. प्रत्येक कृती वहीत नोंदवून सही घ्यायची. घरोघरी भेटीला जातानाही नियम असतो: पिशवी थेट जमिनीवर ठेवायची नाही, खाली वर्तमानपत्र पसरायचे, हात धुण्याचे सामान सर्वांत वर ठेवायचे, कारण ते सर्वांत आधी लागते. आपल्या रद्दीतल्या कागदाचा असा उपयोग फार थोड्यांना ठाऊक असेल.

यात पदवीचा वाटा कोणता? तर 'का' विचारण्याचा. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, एवढे सांगितले तर ते काम झाले. सतत दाब पडलेल्या जागी रक्त पोचत नाही, म्हणून जखम होते, हे समजले की तीच परिचारिका अशक्त रुग्णाकडे दीड तासानेच वळते. शिवाय महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय नव्हते. मुली शहरातल्या रुग्णालयांत शिकायला जात, त्यामुळे त्या तिथल्या नोकर नव्हत्या. विद्यार्थिनीला विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात उभे राहता आले, ही या शिक्षणातली खरी क्रांती.

पुढे याच विद्यापीठाने १९७६ मध्ये मुलींसाठी तंत्रनिकेतन आणि १९९७ मध्ये अभियांत्रिकी संस्था काढली. सूत्र तेच होते. यंत्र उघडायचे, हाताने जोडायचे आणि ते का चालते हेही जाणायचे.

आक्षेप अर्थात होतेच. पदवीवाल्या सिस्टरला पुस्तक येते, सुई येत नाही, असे जुन्या परिचारिका म्हणत. हा टोमणा विसरण्याजोगा नाही. पदवी मिळाली की माणूस टेबलाकडे सरकतो आणि पलंगापासून दूर जातो, हा धोका आजही आहे. २०२० च्या साथीत आपण व्हेंटिलेटर विकत आणू शकलो. पण ते रात्रभर सांभाळणारे शिकलेले हात विकत मिळत नाहीत, त्यांना घडायला चार वर्षे लागतात. त्या हातांना पदवी देण्याचे काम विद्यापीठाने केले. त्यांना पगार आणि मान देण्याचे काम समाजाचे, आणि ते मात्र अजून अपुरे आहे.