बॅरिस्टरीचे अपुरे पहिले वर्ष

१/ दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातून विधी शाखेची सीईटी देणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज तीन प्रश्न असतात : प्रवेश, पैसा आणि पहिले वर्ष. शतकापूर्वी लंडनमध्ये हेच प्रश्न भीमराव आंबेडकरांपुढे होते.

२/ नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले. बॅरिस्टर होण्यास केवळ परीक्षा पुरत नसे. इनच्या भोजनगृहात ठरावीक भोजने घेऊन सत्रे भरावी लागत. वर्षाला चार, एकूण बारा. म्हणजे लंडनमधील मुक्काम अटळ, आणि त्याचा खर्चही.

३/ हा खर्च बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर चाले. १९१७ मध्ये तिची मुदत संपली. पहिले वर्ष पुरे होण्याआधीच करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. नोकरीही सोडावी लागली.

४/ १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातील बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

५/ १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मायदेशी परतल्यावर वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे हाती नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

६/ तीन वर्षांच्या अभ्यासास जवळजवळ सहा वर्षे लागली. विद्यार्थ्याची बुद्धी कोठेही कमी पडली नव्हती. कमी पडली होती ती शिष्यवृत्तीची मुदत.