दुर्बीण अवकाशात, पाना जमिनीवर

जालन्यात केंद्र सरकारचे एक भूकेंद्र आहे. उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. उपग्रह काय बोलतो हे तिथे बसून ऐकता येते. त्याचा एक स्क्रूही फिरवता येत नाही. मग अवकाशात दुर्बीण धाडताना ती पुढे दुरुस्त करता येईल अशीच बांधावी काय? या वादाचा इतिहास पाहू.

२४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. दोन महिन्यांतच उघड झाले की तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २ मायक्रॉन जास्त घासली गेली आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण तेवढ्याने तारे विस्कटलेले दिसू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातील अंतराळवीरांनी नवा कॅमेरा आणि दोष सुधारणारे छोटे आरसे बसवले. हे साधले, कारण हबलची बांधणीच तशी होती : बाहेर धरायला दांडे, आतली उपकरणे कपाटाच्या खणांसारखी ओढून काढता येणारी. २००९ पर्यंत अशा पाच मोहिमा झाल्या.

या सोयीचे मोल मात्र क्वचितच सांगितले जाते. हबलची कक्षा स्पेस शटलच्या आवाक्यात ठेवावी लागली. तिथे पृथ्वी जवळजवळ अर्धे आकाश झाकते आणि दर दीड तासाला ऊन-सावलीचा फेरा होतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी चंद्रा दुर्बीण १९९९ मध्ये चंद्राच्या एक तृतीयांश अंतरापर्यंत जाणाऱ्या कक्षेत गेली; जेम्स वेब तर १५ लाख किलोमीटरवर. तिथवर कारागीर पोचत नाही. आणि २०११ मध्ये शटल निवृत्त झाल्यावर हबललाही कारागीर उरला नाही. जून २०२४ पासून ती एकाच गायरोवर काम भागवते आहे.

भारताकडे शटल कधीच नव्हते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवर गेले, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यावरील लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणात सारखे तीन शोधक बसवले होते. त्यांत झेनॉन वायू भरलेला. तो अशुद्ध झाला तर जमिनीवरून आज्ञा देऊन शुद्ध करण्याची यंत्रणाही सोबत होती. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो : हात न लावता करायची ही दुरुस्तीच. पण वायू स्वच्छ करता येतो, गळलेला परत भरता येत नाही. २०१८ मध्ये गळतीमुळे एक शोधक बंद करावा लागला. त्याच वर्षी अतिनील दुर्बिणीच्या तीन वाहिन्यांपैकी एक थांबली. पाच वर्षांसाठी आखलेले ॲस्ट्रोसॅट तरीही दहा वर्षांच्या पलीकडे गेले.

तेव्हा २०१५ साली जादा शोधक हेच योग्य उत्तर होते, यात मला शंका नाही. आता परिस्थिती पालटली आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले. पुढच्या भारतीय दुर्बिणीला हबलसारखे सगळे खण नकोत. पण पकडायला एक कडे आणि वायू भरायला एक तोंड असावे, असे माझे मत आहे.

२००९ च्या अखेरच्या मोहिमेत अंतराळवीरांनी हबलच्या तळाशी असे एक कडे बसवून ठेवले. ते अजून रिकामे आहे.