अनोळखी देवळातला रविवार

आजचा विषय वरवर साधा दिसतो. रविवारी सकाळी आपण एखाद्या चर्चमध्ये पहिल्यांदाच गेलो, तिथे ओळखीचं कुणी नाही, तर आपल्याला काय दिसतं? आणि गेल्या दीडशे वर्षांत जी मराठी माणसं अशी गेली, त्यांना काय दिसलं?

बोदलकशाच्या तलावाकाठी हा विषय कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर इथून जवळच, तिरोड्यावरून जाणाऱ्या रेल्वेरुळांवर आहे. तिकडे येऊच.

आधी अभ्यासकाची एक अडचण सांगतो. दर रविवारी उपासनेला जाणारा माणूस तिथे काय घडतं ते लिहून ठेवत नाही. कशाला ठेवील? आपल्यापैकी कुणी घरच्या देवपूजेचं वर्णन लिहून ठेवलंय का? मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची नोंद सापडते. पण बायका कुठे बसत, प्रार्थनेला लोक उभे राहत की गुडघे टेकत, हे कुणी टिपत नाही. ते टिपतो परका. म्हणून परक्याची चुकीची समजूतसुद्धा आम्हाला मोलाची वाटते.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. १८७८ साली रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास कलकत्त्याला पोचले. आईवडील दुष्काळात गेलेले, देशभर पायपीट झालेली, पुराणं मुखोद्गत. तिथे त्यांना ख्रिस्ती लोकांच्या एका स्नेहमेळाव्याचं बोलावणं आलं. ही काही रविवारची उपासना नव्हती, पण ख्रिस्ती प्रार्थना त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती तिथे. आधी चहा-बिस्किटं आली. ब्राह्मण घराण्यांतून ख्रिस्ती झालेली माणसं इंग्रजांबरोबर बसून खातायत, आणि आपल्यालाही घ्या म्हणतायत! कलियुग पुरतं आलं, असं दोघा भावंडांना वाटलं. मग गाणं झालं, पुस्तकातून वाचन झालं. आणि मग सगळे वळले, आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून काही बोलू लागले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, फक्त खुर्ची. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी ही आठवण १९०७ साली स्वतः लिहिली. गंमत म्हणून आपण ती सोडून देऊ शकतो, पण जरा थांबा. बसल्या जागी मागे वळायचं, आसनावर कोपर टेकायचे आणि गुडघ्यांवर प्रार्थना करायची, ही तेव्हाच्या प्रॉटेस्टंट लोकांची साधी सवय. त्यांच्या लेखी खुर्ची म्हणजे फक्त टेकू. मूर्तिपूजा मोडून काढू म्हणणाऱ्यांची प्रार्थना बाहेरून अशी दिसते, हे त्या खोलीतल्या एकाच्याही ध्यानात आलं नसणार. रमाबाईंचा तर्क तसा चोख होता. हात जोडलेले, मान लवलेली, तर समोर जे आहे तो देव.

आता रुळांकडे येऊ. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग राजनांदगावपर्यंत पोचला. तिरोडा, गोंदिया ही स्थानकं त्याच मार्गावर. १८९३ मध्ये या मार्गाने राजनांदगावला नोकरीसाठी निघालेला एक तरुण चित्पावन कवी गाडीत एका गोऱ्या माणसाच्या समोर बसला. कवी म्हणजे नारायण वामन टिळक, आणि गोरा माणूस म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरण्यापूर्वी वॉर्डनी त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी वाचायचं वचन दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या मते या गोष्टीतला महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले आणि दर रविवारी मराठी मंडळीत बसू लागले. कान कवीचा, आणि घरात संतवाणी ऐकून वाढलेला. तिथे विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालत. मराठी शब्दांची ओढाताण करून ती चालीत कोंबलेली असत. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व! खरं तर नगरला वेगळी वाट आधीच सुरू झाली होती. १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ, पूर्वरंग, उत्तररंग सगळं आपलंच, आख्यान तेवढं येशूचं. गावचा माणूस देवळाच्या पायरीवर बिचकायचा, पण कीर्तनाला पुढे येऊन बसायचा. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, भजनं, पदं त्यांनी शेकड्यांनी लिहिली आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात ती मोठ्या संख्येने गेली. आज विदर्भातल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी जाऊन बसलात तर निदान एका गाण्याची चाल तुम्हाला ओळखीची वाटेल. ती ओळख अशी मेहनतीने आलेली आहे.

मात्र गाण्याने सगळं सुटत नाही. उंबरठा खरा होता तो पाण्याचा आणि भाकरीचा. नगरच्या मंडळीत बहुसंख्य लोक महार समाजातून आलेले, ब्राह्मण थोडे. प्रभुभोजनाला सगळ्यांसाठी भाकर एक. आपण सहज म्हणतो, चर्चमध्ये जाऊन पाहायला काय हरकत आहे? त्या काळी हरकत ही होती की तिथलं पाणी प्यालं, तर परतीचं घर राहत नसे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई टिळक काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं, चूल आणि पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सांगितलंय की पालटाची सुरुवात जातीच्या प्रश्नापासून झाली. माणसामाणसांत हा भेद देवाने केला असेल का, हा विचार मनात बसला आणि मग कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे बघा, पाणी आधी आणि बाप्तिस्मा नंतर. धर्मांतराचा इतिहास लिहिणारे बाप्तिस्म्याची तारीख धरून बसतात. आमच्या दृष्टीने त्या पहिल्या घोटाची तारीख मोठी, आणि ती कुठल्याच दप्तरात नाही.

आता कुणी म्हणेल, अनोळखीपण फक्त बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही, आणि त्याचा दाखला आपल्या नागपुरातच आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या स्कॉटिश मिशनमधून वाढलेल्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन. तिकडे सदरमधलं ऑल सेंट्स हे इंग्रजी अमलातलं अँग्लिकन चर्च. शहर एक, येशू एक, पण रविवार दोन. प्रेस्बिटेरियन रीत अशी की प्रभुभोजनाची भाकर बसल्या जागी, बाकाबाकावरून पुढे यायची. अँग्लिकन रीतीत उठून वेदीच्या कठड्यापाशी जायचं, गुडघे टेकायचे, तिथे ती हातावर घ्यायची. एकीकडे मंडळीने निवडलेले वडील, दुसरीकडे बिशप.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी याच ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच झालेली युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. एकीची बोलणी कित्येक दशकं चालली होती, आणि त्यातला अवघड प्रश्न होता बाप्तिस्म्याचा. बॅप्टिस्ट म्हणणार, समजत्या वयातल्या माणसाने विश्वास कबूल करावा आणि मगच पाण्यात उतरावं. अँग्लिकन तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालणार. तोडगा निघाला तो असा की दोन्ही रीती चालतील, निवड आईबापांची.

कागदावर हे एका वाक्यात बसलं. पण ज्या आजीने जन्मभर बाकावर बसून भाकर घेतली, तिला कठड्यापाशी गुडघे टेकायला सांगणं ही घटनेच्या कलमाची गोष्ट नव्हे. म्हणून या चर्चमध्ये आजही गावोगाव रीत थोडी वेगळी दिसते, आणि एका गावचा ख्रिस्ती माणूस दुसऱ्या गावी उपासनेला गेला की पहिली पाच मिनिटं पुढच्या रांगेकडे बघत काढतो. उभं राहायचं की बसायचं, ते तिथून कळतं. उद्या आपल्यापैकी कुणी नागपुरात किंवा गोंदियात रविवारी गेलं, तर त्यांनीही तसंच करावं. मागच्या बाजूला बसावं, लोक उभे राहिले की उभं राहावं. दानाची थैली समोरून गेली तर पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेवढा वेळ आपण जागेवर बसून राहावं. उपासना संपल्यावर बाहेर पाळकसाहेब दारात उभे असतात, हात पुढे करतात आणि विचारतात, कुठून आलात?

प्रश्नांसाठी आपल्याकडे अजून थोडा वेळ आहे.