दाखल्यावरचा १ जून

गाडी चालवायला अठरा पूर्ण हवीत, हा नियम १९३९च्या मोटार वाहन कायद्यातही होता. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र अठरा मोजायची कुठून, हाच प्रश्न होता. पोर भातलावणीच्या दिवसांतलं की महालक्ष्मीच्या जत्रेआधीचं, एवढंच आईला सांगता यायचं. मग गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पोराला पलीकडचा कान धरायला लावत, अंदाजाने साल ठरवत आणि तारीख घालत १ जून, म्हणजे शाळा सुरू होताना वय भरलेलं असे. तलासरी तालुक्यात मी मुख्याध्यापक होतो. जनरल रजिस्टरच्या जुन्या पानांवर एकाखाली एक १ जूनच आहेत. लायसन्सच्या अर्जाला वयाचा पुरावा म्हणून याच रजिस्टरवरून दिलेला शाळेचा दाखला चालतो.

१९३९मध्ये या नियमाशी पाड्यांवरच्या वारली आदिवासींचा संबंधच नव्हता. गाड्या सावकार-जमीनदारांच्या, जंगल ठेकेदारांच्या, वारली वेठीला. १९४५ साली झरी गावातल्या किसान सभेच्या परिषदेनंतर गोदावरी परुळेकरांच्या साथीने लोकांनी वेठ नाकारली. स्वतःचं वाहन दारात यायला त्यानंतरही दोन पिढ्या गेल्या.

१९८८चा कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्यात सोळा वर्षांच्या मुलालाही बिनगिअरची दुचाकी चालवायची मुभा मिळाली, पण अर्जावर पालकाची सही हवी. १९९४च्या दुरुस्तीने ही मुभा ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरती उरली. तेव्हा लुना होती. आज दुकानात ५० सीसीची गाडी मागून बघा! पोरांच्या हाती येते ती थेट शंभर सीसीची मोटारसायकल, उंबरगाव-वापीच्या कारखान्यात जाणाऱ्या थोरल्या भावाने हप्त्यावर घेतलेली. पाड्याचा रस्ता संपतो तो अहमदाबाद महामार्गावर, कंटेनरच्या रांगेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा हा रस्ता देशाला कळला. आमच्या घरांना तो आधीपासून माहीत होता.

२०१९च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं आणि जबाबदारी घरावर आली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्सही नाही. आपल्याला ठाऊक नव्हतं, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायचं तेही पालकाने. मजुरीवर चालणाऱ्या घराला हे पेलणारं नाही, तरी मला हे कलम योग्य वाटतं. पोराने किल्ली कुठून घेतली, हे घराला माहीत असतं.

आता जन्म दवाखान्यात होतात, तारखा खऱ्या असतात. जुन्या दाखल्यांचं मात्र वाईट वाटतं. अंगाने एकोणीसचा दिसणारा मुलगा कागदावर सतराचा असेल, तर अपघातानंतर कागदच बोलतो.

शिकाऊ लायसन्स २०२१पासून घरबसल्या निघतं, पक्क्याची चाचणी मात्र समोर जाऊन द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी ठाणे गाठावं लागे, आता वसईचं कार्यालय. एक दिवसाची मजुरी बुडवून तिथवर जाणं पोरांना जड जातं. परिवहन खात्याने ही चाचणी दर महिन्याला ठरल्या दिवशी तलासरीतच घ्यावी, कॉलेजच्या मैदानावर घेतली तरी चालेल. आणि आईबापांनो, लायसन्स हातात येईपर्यंत किल्ली पोराला देऊ नका.